आजारपणाची तरतूद : विमा-पत्र आणि त्याखेरीजचे मार्ग

शेतकरी कुटुंबाच्या वर्षभराच्या तरतुदीला सुगीत आरंभ होतो. माल घरी आला की बियाणे-खताचे पैसे बाजूला ठेवले जातात, जनावरांसाठी कडबा रचला जातो, सोसायटीचा हप्ता राखून ठेवला जातो आणि उरलेल्यातून घरखर्च व लग्नकार्य भागविले जाते. या वाटणीत आजारपणाच्या खर्चास बहुधा जागा नसते. आजार काही ठरवून येत नाही, आला तर पाहता येईल, अशी समजूत असते. प्रत्यक्षात तो आला म्हणजे पाहावे लागते ते दावणीच्या बैलजोडीकडे, घरातील दागिन्याकडे आणि शेवटी सात-बारावरील जमिनीकडे. पेरणीच्या तोंडावर बैल विकला गेला तर त्या घराचे नुकसान केवळ बैलाच्या किमतीएवढे राहत नाही. पेरणी लांबते, उत्पन्न घटते, आणि एका आजाराचा भार पुढील दोन-तीन हंगामांवर पडतो.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यानुसार २०१३-१४ साली देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ६४.२ टक्के खर्च कुटुंबांनी स्वतःच्या खिशातून केला होता. २०२१-२२ साली हे प्रमाण ३९.४ टक्क्यांवर आले. ही घट समाधानकारक असली, तरी दर शंभर रुपयांतील सुमारे चाळीस रुपये अजूनही घरातूनच जातात. हा भार हलका करण्याचा विमा-पत्र हा एक मार्ग आहे. परंतु तो एकमेव मार्ग नव्हे. त्याखेरीज असलेले मार्ग कोणते, त्यांपैकी कोणता कोठवर उपयोगी पडतो आणि कोठे अपुरा ठरतो, याचा विचार प्रत्येक कुटुंबाने आजार येण्यापूर्वीच करणे हितावह आहे.

खर्चाचे चार भाग

निरनिराळ्या मार्गांची तुलना करण्यापूर्वी आजारपणाचा खर्च नेमका कशाकशाचा असतो, हे पाहिले पाहिजे. पहिला भाग रुग्णालयात दाखल झाल्यानंतरचा : खाट, शस्त्रक्रिया, औषधे आणि तपासण्या. दुसरा भाग दाखल न होता करावयाच्या उपचारांचा : रक्तदाब व मधुमेह यांच्या रोजच्या गोळ्या, ताप-खोकल्याची औषधे, रक्ततपासणी, क्ष-किरण चित्र. तिसरा भाग जाण्या-येण्याचा आणि रुग्णाजवळ राहणाऱ्या सोबत्याच्या जेवणाखाण्याचा. चौथा भाग बुडालेल्या मजुरीचा व शेतीकामाचा.

पहिला खर्च एकदम आणि मोठा येतो, म्हणून तो सर्वांच्या ध्यानात राहतो. दुसरा लहान असतो, परंतु महिन्यामागून महिने चालू राहतो. तिसरा आणि चौथा कोणत्याही बिलावर दिसत नाहीत. पुढे वर्णन केलेल्या बहुतेक योजना पहिल्याच भागासाठी आहेत. हे एवढे ध्यानात ठेवले, तर कोणत्या योजनेकडून काय अपेक्षावे आणि स्वतःची तरतूद कशासाठी ठेवावी, हे आपोआप स्पष्ट होते.

विमा-पत्र

भारतात ‘मेडिक्लेम’ या नावाने रुग्णालय-खर्चाचे विमा-पत्र सार्वजनिक क्षेत्रातील विमा कंपन्यांनी १९८६ साली सुरू केले. दरवर्षी ठराविक हप्ता भरावयाचा आणि रुग्णालयात दाखल होण्याची वेळ आल्यास ठरलेल्या रकमेपर्यंतचा खर्च कंपनीने द्यावयाचा, असे त्याचे स्वरूप आहे. १ एप्रिल २०२० पासून ‘आरोग्य संजीवनी’ हे एकसारख्या अटींचे विमा-पत्र सर्व कंपन्यांकडून मिळू लागले. त्यात प्रत्येक दाव्याचा ५ टक्के भाग विमाधारकास स्वतः सोसावा लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून व्यक्ती व कुटुंबांच्या आरोग्य विमा-पत्रांवरील वस्तू व सेवा कर शून्य करण्यात आला. त्यापूर्वी तो १८ टक्के होता.

विमा-पत्राचे गुण स्पष्ट आहेत. रुग्णालयाची निवड अधिक मोकळी असते आणि रक्कम आपल्या ऐपतीप्रमाणे ठरविता येते. परंतु मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. अपघात वगळता पहिल्या ३० दिवसांतील आजाराचा खर्च सामान्यतः मिळत नाही. आधीपासून असलेल्या आजारासाठी कमाल ३६ महिन्यांपर्यंत थांबावे लागते. हर्निया, मोतीबिंदू यांसारख्या ठराविक विकारांसाठीही प्रतीक्षेची अट असते. वय वाढते तसा हप्ता वाढतो आणि तो भरला नाही तर संरक्षण खंडित होते. दुष्काळाच्या वर्षी हप्ता भरणे जड जाते आणि नेमक्या त्याच वर्षी घर उघडे पडते. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा सर्वांत मोठा दोष होय.

विमा-पत्र घेताना आधीचा आजार, तंबाखूचे व्यसन, झालेली शस्त्रक्रिया इत्यादी माहिती लपवू नये. अर्ज प्रतिनिधीने भरला असला तरी सही करण्यापूर्वी तो वाचून घ्यावा किंवा वाचवून घ्यावा. पत्र हाती पडल्यापासून ३० दिवसांच्या आत अटी न पटल्यास ते परत करण्याचा अधिकार आहे.

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना

महाराष्ट्रातील बहुसंख्य शेतकरी कुटुंबांना हप्ता न भरता उपलब्ध असलेला पहिला मार्ग म्हणजे ही योजना. २ जुलै २०१२ रोजी ‘राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना’ या नावाने ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली, नोव्हेंबर २०१३ मध्ये सर्व राज्यात लागू झाली आणि २०१७ साली तिला महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले. केंद्र शासनाची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना, म्हणजेच ‘आयुष्मान भारत’, २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली. राज्यात १ एप्रिल २०२० पासून या दोन्ही योजना एकत्रितपणे राबविल्या जात आहेत. पूर्वी राज्याच्या योजनेत कुटुंबास वर्षाला दीड लाख रुपयांची मर्यादा होती आणि पांढऱ्या शिधापत्रिकेची कुटुंबे सर्वसाधारणपणे बाहेर होती. २०२३ साली घेतलेल्या निर्णयानुसार पुढे ही मर्यादा ५ लाख रुपये झाली आणि राज्यातील सर्व कुटुंबांना योजनेत स्थान मिळाले.

याखेरीज २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान भारत योजनेतून ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळू लागले. त्यासाठी आधार पत्रिकेच्या आधारे वेगळे कार्ड काढावे लागते. घरातील वृद्धांना खाजगी विमा-पत्र महाग पडते. म्हणून या कार्डाचे महत्त्व विशेष आहे.

या योजनेत आधीच्या आजारासाठी प्रतीक्षेची अट नाही. वय किंवा कुटुंबातील माणसांची संख्या पाहून हप्ता ठरत नाही, कारण हप्ताच नाही. मात्र तीन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. उपचार संलग्न रुग्णालयातच मिळतो. तो योजनेच्या यादीतील असावा लागतो. आणि रुग्ण दाखल व्हावा लागतो. बाहेरून घ्यावयाच्या रोजच्या औषधांसाठी ही योजना नाही. प्रधानमंत्री योजनेत दाखल होण्यापूर्वीच्या ३ दिवसांचा आणि घरी सोडल्यानंतरच्या १५ दिवसांचा औषधोपचार अंतर्भूत आहे. त्यापलीकडचा खर्च कुटुंबाचा.

संलग्न रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ नेमलेला असतो. रुग्ण दाखल करताना प्रथम त्याची भेट घ्यावी. रोख पैसे भरून मागाहून योजनेचे नाव काढल्यास अडचण येते, असा सर्वत्र अनुभव आहे. कोणते रुग्णालय संलग्न आहे याची माहिती राज्य योजनेच्या १५५३८८ आणि आयुष्मान भारतच्या १४५५५ या विनामूल्य दूरध्वनी क्रमांकांवर मिळते.

पुष्कळ कुटुंबांचा लाभ आजारामुळे नव्हे तर कागदामुळे अडतो. शिधापत्रिकेवर सासरी आलेल्या सुनेचे नाव नसते, आधारवरील नाव आणि शिधापत्रिकेवरील नाव जुळत नाही, विभक्त झालेल्या भावांची पत्रिका एकच असते. ही दुरुस्ती निरोगी दिवसांत करण्याचे काम आहे. ती रुग्णालयाच्या दारात होत नाही. ऊसतोडीसाठी परराज्यात जाणाऱ्या कुटुंबांनी कार्ड सोबत न्यावे. प्रधानमंत्री योजनेच्या यादीतील कुटुंबास ही योजना राबविणाऱ्या अन्य राज्यांतील संलग्न रुग्णालयांतही उपचार मिळू शकतो.

सरकारी दवाखाना

कार्डाच्या चर्चेत गावाजवळचा दवाखाना विसरला जाऊ नये. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाची प्राथमिक आरोग्य केंद्रे, ग्रामीण रुग्णालये, उपजिल्हा व जिल्हा रुग्णालये यांतील उपचार निःशुल्क करण्यात आले आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये या निर्णयात येत नाहीत. प्रसूती आणि नवजात बालकाच्या उपचारासाठी २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमान्वये औषधे, आहार व वाहन विनामूल्य देण्याची तरतूद आहे.

खर्चाचा दुसरा भाग, म्हणजे रोजच्या गोळ्या व तपासण्या, ज्या मार्गाने हलका होतो तो हाच. रक्तदाब किंवा मधुमेहाच्या रुग्णाने आरोग्य केंद्रात नाव नोंदवून नियमित औषध घेतले, तर पुढे येणारा पक्षाघात किंवा मूत्रपिंडाचा विकार टळण्याचा संभव वाढतो. पाच लाखांच्या कार्डाने जे साधत नाही, ते कित्येकदा वेळेवर घेतलेल्या गोळीने साधते. केंद्रात औषध नसल्यास जनऔषधी केंद्रात तेच औषध त्याच्या मूळ नावाने पुष्कळ कमी किमतीत मिळते.

सर्पदंश, कीटकनाशकाची बाधा, अडलेले बाळंतपण या प्रसंगी पैशापेक्षा वेळ अधिक मोलाचा असतो. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका विनामूल्य मिळते. हा क्रमांक प्रत्येक घराच्या दाराआड लिहून ठेवावा.

धर्मादाय रुग्णालये

शहरातील कित्येक मोठी रुग्णालये सार्वजनिक विश्वस्त संस्थांनी चालविलेली आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवावयाच्या असतात. या कामासाठी रुग्णालयाने आपल्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत जमा करावयाची असते. तातडीच्या प्रसंगी रुग्णास अनामत रक्कम न मागता दाखल करून घेणे आणि त्याची प्रकृती स्थिर होईपर्यंत जीवरक्षक उपचार देणे, हेही त्यांचे कर्तव्य आहे.

जन आरोग्य योजनेच्या यादीत नसलेल्या उपचारासाठी हा मार्ग विशेष उपयोगी पडतो. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका घेऊन रुग्णालयातील समाजसेवकाची भेट घ्यावी लागते. उत्पन्नाची मर्यादा वेळोवेळी बदलते, म्हणून ती तेथेच विचारून घ्यावी. राखीव खाट असूनही नाकारली गेली, तर धर्मादाय आयुक्तांच्या जिल्ह्यातील कार्यालयाकडे लेखी तक्रार करता येते. हा हक्क आहे, उपकार नव्हे. मात्र खाटांची संख्या मर्यादित असल्याने केवळ याच मार्गावर विसंबून राहणे योग्य नाही.

कारखान्यातील नोकरदाराचे कुटुंब

शेतकऱ्याचा मुलगा किंवा मुलगी औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात कामास असल्यास कर्मचारी राज्य विमा योजनेची चौकशी अवश्य करावी. १ जानेवारी २०१७ पासून या योजनेची मासिक वेतनमर्यादा २१,००० रुपये करण्यात आली. वेतनाच्या ०.७५ टक्के वर्गणी कामगाराची आणि ३.२५ टक्के मालकाची असते. कामगार, त्याची पत्नी अथवा पती, मुले व अवलंबून असलेले आई-वडील यांना उपचार मिळतात. आणि महत्त्वाची गोष्ट ही की त्यात रुग्णालयाप्रमाणेच बाहेरून घ्यावयाचे औषधोपचारही येतात. आजारी रजेच्या काळात कामगारास रोख भत्ताही मिळतो. खर्चाच्या चारही भागांचा काही ना काही विचार केलेल्या योजना थोड्या आहेत. त्यांपैकी ही एक आहे. वेतनातून वर्गणी कापली जात असूनही गावाकडील आई-वडिलांची नावे नोंदविली नसल्यास त्यांना या योजनेचा उपयोग होत नाही.

सहकाराचे दोन प्रयोग

हप्ता भरून विमा घेणे परवडत नाही आणि सर्वस्वी शासनावर विसंबणे बरे वाटत नाही, अशा वेळी सहकाराचा विचार मनात येतो. या बाबतीत दोन प्रयोग अभ्यासण्यासारखे आहेत.

पहिला प्रयोग कर्नाटकातील ‘यशस्विनी’ योजनेचा. सहकारी संस्थांच्या शेतकरी सभासदांसाठी ती २००३ साली कार्यान्वित झाली. आरंभी वर्षाची वर्गणी माणशी अवघी ६० रुपये होती आणि राज्य शासनाने त्यात भर घातली. लाखो सभासद एकाच वेळी सामील झाल्यामुळे एवढ्या अल्प वर्गणीत मोठ्या शस्त्रक्रियांचा खर्च भागविता आला. २०१८ साली ती राज्याच्या व्यापक आरोग्य योजनेत विलीन करण्यात आली. परंतु सभासदांची मागणी कायम राहिल्याने २०२२-२३ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. त्या वेळी ग्रामीण सहकारी संस्थेच्या सभासदास चार माणसांच्या कुटुंबासाठी ५०० रुपये वर्गणी आणि ५ लाख रुपयांची मर्यादा ठरविण्यात आली.

दुसरा प्रयोग वर्धा जिल्ह्यातील. सेवाग्राम येथील कस्तुरबा रुग्णालयाने आसपासच्या गावांत ज्वारीच्या रूपाने वर्गणी घेण्याची पद्धत सुरू केली. सुगीत शेतकऱ्याच्या हाती रोख रक्कम नसली तरी धान्य असते, हे ओळखून ती आखलेली होती. ज्याची जमीन अधिक त्याची वर्गणी अधिक, भूमिहीनाची सर्वांत कमी. गावातील बहुसंख्य कुटुंबे सामील झाली तरच गाव योजनेत घेतले जाई. जमलेल्या वर्गणीतून गावच्या आरोग्यसेवकाचे काम व औषधे चालत. अकस्मात आलेल्या आजारासाठी रुग्णालयात विनामूल्य उपचार होत, तर आधी ठाऊक असलेल्या दुखण्यासाठी काही भाग रुग्णास द्यावा लागे.

या दोन्ही प्रयोगांतून एकच गोष्ट दिसते. सामायिक निधी यशस्वी होण्यास एक तर सभासदांची संख्या फार मोठी हवी, नाही तर पाठीशी स्वस्तात उपचार देणारे रुग्णालय हवे. दोन्हींपैकी काहीच नसताना एखाद्या गावाने एकट्याने विमा कंपनीचे काम करू पाहिले, तर तो निधी टिकणे कठीण आहे.

गावच्या निधीचे खरे काम

हे एका हिशेबाने समजून घेता येईल. समजा, एका गावातील १०० कुटुंबांनी सुगीत प्रत्येकी ६०० रुपये जमा केले. निधी ६०,००० रुपयांचा झाला. त्या वर्षी दोन घरांत प्रत्येकी १ लाख रुपये खर्चाच्या शस्त्रक्रिया निघाल्या, तर संपूर्ण निधी देऊनही एक-तृतीयांश खर्चसुद्धा भागत नाही. आणि उरलेल्या ९८ घरांना वर्षभर काहीच राहत नाही. पुढच्या सुगीत वर्गणी कोण देईल?

आता तोच निधी निराळ्या रीतीने वापरून पाहावा. चौथा भाग, म्हणजे १५,००० रुपये, राखीव ठेवले. उरलेल्या ४५,००० रुपयांतून रुग्ण दाखल झालेल्या प्रत्येक घरास प्रवास व सोबत्याच्या खर्चासाठी १,५०० रुपये दिले, तर ३० घरांना हात मिळतो. शस्त्रक्रियेचा खर्च जन आरोग्य योजनेने सोसावयाचा आणि योजना जे देत नाही ते निधीने द्यावयाचे, अशी ही वाटणी आहे. संलग्न रुग्णालय जिल्ह्याच्या ठिकाणी असते. तेथवर जाण्यास आणि आठ दिवस राहण्यास हाती पैसे नाहीत, म्हणून विनामूल्य शस्त्रक्रियासुद्धा लांबणीवर पडते. तेथे १,५०० रुपयांचे मोल फार मोठे आहे. मोठा आणि क्वचित येणारा खर्च मोठ्या समूहावर सोपवावा. लहान आणि वारंवार येणारा खर्च गावाने आपसांत वाटून घ्यावा, हे या विषयातील मुख्य सूत्र होय.

असा निधी महिला बचत गटांच्या ग्रामसंघास सहज चालविता येतो. त्यासाठी पुढील नियम उपयुक्त ठरतील.

१. वर्गणी सुगीनंतर एका ठरलेल्या दिवशी, ऐपतीप्रमाणे कमी-अधिक घ्यावी.

२. रक्कम बँकेत तिघांच्या नावे ठेवावी. त्यांत महिला अवश्य असाव्यात. तातडीसाठी थोडी रक्कम हाताशी असावी.

३. मदतीचा निर्णय त्याच दिवशी व्हावा. आठवड्याने मिळालेली मदत सावकाराच्या घरून जाऊन आलेली असते.

४. हिशेब वर्षातून दोनदा सर्वांसमोर वाचावा. परंतु कोणास कोणता आजार होता, हे वाचू नये. क्षयरोग, मानसिक विकार किंवा स्त्रियांची दुखणी उघड होतील या भीतीने गरजू माणूस मदतच मागत नाही.

५. ‘निधीत असेल त्याप्रमाणे मदत’ एवढेच अभिवचन द्यावे. विमा कायदा, १९३८ अन्वये नोंदणी केल्याशिवाय कोणासही विम्याचा व्यवसाय करता येत नाही.

अपघाताचे संरक्षण

अपघाताच्या योजना रुग्णालयाचे बिल देत नाहीत. त्या मृत्यू किंवा अपंगत्वानंतर ठराविक रक्कम देतात. म्हणून त्यांना आरोग्य योजनेच्या जागी धरू नये, परंतु सोडूही नये. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वर्षे वयाच्या बँक खातेदारास वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वासाठी २ लाख आणि अंशतः कायम अपंगत्वासाठी १ लाख रुपयांचे संरक्षण मिळते. तिचे वर्ष १ जूनला सुरू होते. पेरणीच्या तयारीत खाते रिकामे होण्याचे दिवसही तेच. वीस रुपये शिल्लक नसल्यामुळे संरक्षण तुटू नये, एवढी काळजी मे महिन्यातच घ्यावी.

महाराष्ट्रात शेतकऱ्यांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात योजना आहे. २०२३ पासून ती विमा कंपनीऐवजी शासनामार्फत थेट अनुदानाच्या स्वरूपात राबविली जाते. वहितीधारक शेतकरी व त्याच्या कुटुंबातील एक सदस्य तिच्या कक्षेत येतात. अपघाती मृत्यूसाठी २ लाख रुपयांचे साहाय्य आहे. वीज पडणे, विजेचा धक्का, सर्पदंश, पाण्यात बुडणे इत्यादी घटना त्यात येतात. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे अर्ज विनाविलंब करावा.

सवलतीच्या कार्डापासून सावधगिरी

अलीकडे बाजारात व घरोघरी फिरून ‘आरोग्य कार्ड’ विकणारे आढळतात. कित्येक कार्डे केवळ काही रुग्णालयांतील सवलतीची असतात. तो विमा नव्हे. विकत घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. खर्च कोण देणार, की फक्त बिलात सूट मिळणार? देणारी संस्था भारतीय विमा नियामक प्राधिकरणाकडे नोंदलेली आहे काय? पैसे भरल्याची पावती व अटींचे पत्र मिळणार काय? समाधानकारक उत्तर न मिळाल्यास पैसे देऊ नयेत. शासनाच्या योजनेचे कार्ड मिळवून देतो असे सांगून मोठी रक्कम मागणाऱ्यापासूनही सावध राहावे.

कोणत्या कुटुंबाने काय करावे?

अल्पभूधारक व शेतमजूर कुटुंबाने जन आरोग्य योजनेची कागदपत्रे, सरकारी दवाखान्यातील नोंदणी, गावचा निधी आणि वीस रुपयांचे अपघात संरक्षण या चार गोष्टी पक्क्या कराव्यात. यांस मोठा हप्ता लागत नाही. घरात ७० वर्षांवरील माणूस असल्यास त्याचे वेगळे कार्ड काढावे. कारखान्यात नोकरी असल्यास घरातील सर्वांची नावे कर्मचारी राज्य विमा योजनेत नोंदवावीत.

बागायत, फळबाग किंवा दुग्धव्यवसायातून दरवर्षी निश्चित शिल्लक राहणाऱ्या कुटुंबाने वरील सर्व करून मगच विमा-पत्राचा विचार करावा. तरुणपणी व निरोगी असताना घेतलेल्या पत्रातील प्रतीक्षेचा काळ लवकर संपतो. परंतु हप्ता एका चांगल्या हंगामाच्या भरवशावर नव्हे, तर वाईट हंगामातही भरता येईल एवढाच ठरवावा. मधेच सोडलेले मोठे विमा-पत्र घेण्यापेक्षा अखंड चाललेले लहान विमा-पत्र बरे.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी रब्बीचा माल घरी आल्यानंतर आशा स्वयंसेविकेच्या साहाय्याने घरोघरची एक यादी करावी : शिधापत्रिकेत कोणाचे नाव नाही, कोणाचे कार्ड निघालेले नाही, कोणाला रोजचे औषध लागते आणि कोणाच्या बँक खात्यात अपघात योजनेची नोंद नाही. १ मेच्या ग्रामसभेपूर्वी ही यादी तयार झाली, तर मृगाच्या पेरणीपर्यंत दुरुस्तीस महिना मिळतो. जवळच्या संलग्न रुग्णालयांची नावे, वर दिलेले दूरध्वनी क्रमांक आणि निधीची जबाबदारी सांभाळणाऱ्या तिघांची नावे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावीत. मध्यरात्री रुग्णाला घेऊन निघालेल्या माणसास कोठे जावे आणि कोणाला विचारावे, एवढे जरी त्या भिंतीवरून कळले, तरी त्या घरची दावण रिकामी होण्याचा प्रसंग पुष्कळ वेळा टळेल.